समोरच्याला सुलटं

— नाही, ते दार बंदच असतं. तिकडं नका बघू, इकडं बघा, हा तुमच्याच ऑफिसचा नकाशा आहे. आणि बसा ना, उभे काय राहिलात — हो, त्याच खुर्चीवर बसा, चालेल, हल्ली रिकामीच असते ती. तर तुमचं म्हणणं असं की भिंती पाडायच्या. सगळ्या. एक मोठा हॉल, मध्ये लांबलचक टेबल, एका कोपऱ्यात टेबल टेनिस, दुसऱ्या कोपऱ्यात झोपाळा, जमिनीवर लोळायला त्या पोत्यासारख्या गाद्या — आणि मग काय, दुसऱ्या दिवसापासून सगळे एकमेकांशी गोड बोलणार, गळ्यात गळे घालून कामं करणार. कुठं पाहिलंत हे? मेव्हण्याच्या ऑफिसात. बरं. आणि मेव्हण्याच्या ऑफिसात माणसं बोलतात का एकमेकांशी? — विचारलं नाहीत. झोपाळा बघून परत आलात. हसा, हसा, तुमची ती मागण्यांची जंत्री ऐकून मीही हसले होते, फक्त तुम्ही जिना उतरेपर्यंत थांबले, तेवढी धंद्याची रीत पाळते मी.

अहो, लिफ्ट बनवणारी माणसं तुम्ही. अख्ख्या जगाला वरखाली नेता, आणि तुमच्याकडं एकाच मजल्यावरची माणसं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, याला काय म्हणायचं? नकाशे काढणारे या टोकाला, दुरुस्तीवाले त्या टोकाला, आणि मधोमध तुम्ही, काचेच्या केबिनमध्ये — दुकानात मांडून ठेवल्यासारखे. त्या कापडाच्या दुकानाचा किस्सा तुम्हीच सांगितलात मला. दुरुस्तीवाले सांगून दमले की लिफ्टचं दार चुकीच्या बाजूला उघडतं, मालाची गाडी आत वळत नाही — आणि नकाशेवाल्यांनी पुढच्या दुकानाला दार दिलं तेही तस्संच. का? तर तक्रार गेली मेलवर, मेल आला तुमच्याकडं, आणि तुम्ही होतात मीटिंगमध्ये. कसली मीटिंग हो ती? — नाही, तुमच्याच तोंडून ऐकायचंय मला. 'आपसातला संवाद कसा वाढवावा.' वा. आता यात भिंतीचा काय दोष, ती बिचारी एका जागी उभी आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मी काय करते सांगू का? मी आधी जाऊन नुसती बसते. तुमच्याकडंही बसले होते की त्या दिवशी — हो, तीच मी, ती राखाडी शाल पांघरलेली. तुमच्या लोकांना वाटलं हिशेब तपासायला कोणी बाई आलीय, सगळे सकाळभर असे ताठ बसले होते की मलाच अवघडल्यासारखं झालं. जेवणानंतर विसरले. विसरणारच, माणूस किती वेळ ताठ बसेल. मग मी बघायला लागले कोण उठतो, कुठं जातो, कुठं रेंगाळतो. तुमच्या त्या महागाच्या कॉफीच्या यंत्रापाशी कोणी थांबत नाही, माहितीये? कप भरला की पळतात, कारण ते तुमच्या केबिनच्या काचेसमोर आहे. थांबतात कुठं — मागच्या जिन्याकडं जाणारा तो अरुंद बोळ आहे ना, तिथं. तिथल्या खिडकीला कट्टा आहे, कोपर टेकेल एवढ्या उंचीवर. कोणी मुद्दाम केलेला नाही, गवंड्याची चूक असणार, पण काय सुरेख चूक आहे. तुमचा तो दाढीवाला दुरुस्तीवाला आणि नकाशेवाल्यांतली ती चष्म्यातली मुलगी, दोघं तिथं उभे राहून काचेवरच्या धुळीत बोटानं दार काढत होते. लिफ्टचं दार हो, दुसरं कुठलं. गाडी अशी वळली तर, दार तसं उघडलं तर — चांगलं भांडत होते. मला इतकं बरं वाटलं. आणि या तुमच्या कागदावर त्या बोळावर काय लिहिलंय तुम्ही? वाचा, तुमचंच अक्षर आहे. 'वाया गेलेली जागा. पाडून स्टोअर करावे.'

नाही, रागावले नाही मी. सगळे असंच करतात, तुम्ही निदान मला विचारायला तरी आलात. फक्त एक ध्यानात घ्या — भिंत पाडली म्हणून माणूस बोलत नाही. भिंत पाडली की तो कानात ती गाण्याची बोंडं घालतो आणि स्क्रीनमध्ये तोंड खुपसतो, कारण चहूकडून उघडा पडलेला माणूस आधी स्वतःला झाकतो, बोलणं नंतर. पाठीशी काहीतरी टेकायला हवं, मग तो मान वर करतो. बसायला स्वतःची जागा हवी, उठून जायला कारण हवं, आणि उठल्यावर जिथं दुसरा भेटेल अशी एखादी अडचणीची जागा हवी. हो, अडचणीचीच — फार ऐसपैस जागेत माणसं एकमेकांना वळसा घालून जातात. आणि दार लावून कचकचून भांडता येईल अशी एक खोली. आणि टेबल — टेबलाची रुंदी फार महत्त्वाची बरं का. तुम्ही म्हणता ते लांबरुंद, लग्नाच्या पंगतीसारखं नको. हात लांब केला की समोरच्याच्या हातात कागद पोचला पाहिजे. हे बघा, या टेबलासारखं. करा हात लांब. पोचला? हे माप आम्ही कुठं पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या घराच्या मागच्या खोलीत मावेल एवढं एकच टेबल होतं, त्याचं हे माप. तिथंच सुरू केलं आम्ही सगळं.

आम्ही म्हणजे — मी आणि माझी धाकटी जाऊ. हो, ती त्या दाराआड. जावा-जावांनी धंदा काढला म्हटल्यावर नातेवाइकांनी दिवस मोजायला सुरुवात केली होती, की कधी एकमेकींच्या झिंज्या उपटतात. उपटल्या नाहीत. मोजणारे थकले. मी बोलायचं आणि तिनं काढायचं, अशी वाटणी. लपवत नाही, मला सरळ रेघ येत नाही. आणि तिला सरळ बोलणं — म्हणजे परक्या माणसासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी गिऱ्हाइकाशी बोलत असायची आणि ती तिथं, तुम्ही बसलाय ना त्याच खुर्चीवर, खाली मान घालून पेन्सिल चालवायची. गिऱ्हाइकाला वाटायचं ही आपली टिपणं घेतेय. आणि बोलणं संपायच्या आत नकाशा तयार. आणि गंमत सांगू — ती उलटा काढायची. म्हणजे तिच्या बाजूनं उलटा, माझ्या बाजूनं सुलटा. कारण मला उलटा नकाशा कळत नाही, जिना कुठला आणि मोरी कुठली, डोकं गरगरतं माझं. सुरुवातीला ती कागद फिरवून दाखवायची, मग परत फिरवून काढायची, मग एकदा म्हणाली, 'ताई, तुला दिसायला सुलटं असलं म्हणजे झालं ना', आणि तेव्हापासून उलटंच काढायला लागली. रेघा, मापं, अक्षरं — सगळं. लोक बघत राहायचे. तिची अक्षरंसुद्धा ओळखू यायची. उलटी लिहिली की जरा मागं रेलायची, आरामखुर्चीत बसल्यासारखी. एरवी ताठ. कुणी शिकवलं म्हणून विचारलं की ती नुसती लाजायची, आणि मी म्हणायची, मी शिकवलं. खोटं बोलायला आपल्याला काय.

काय म्हणालात? — मग आत का बसते. बघा, हे असं असतं, मी तुमच्या ऑफिसचं बोलतेय आणि तुम्ही माझ्या. बरोबर आहे, तुम्हीही गिऱ्हाईकच, चौकशी करणारच. आत बसते कारण मी तिला ती खोली बांधून दिली. हौसेनं. तिच्या लेकीचं बाळंतपण होतं, ती तिकडं गेली होती, आणि जायच्या आधी एका दुपारी — मी फोनवर होते, जरा जोरात बोलते मी फोनवर, तुम्हाला अनुभव असेल — ती पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, 'डोकं उठलं बाई. एखादी खोली असती आपल्याला, दार लावून बसता आलं असतं.' झालं. आता दुसऱ्या कोणाची जाऊ असं म्हणाली असती तर त्या बाईनं काय केलं असतं? हळू बोलली असती. पण आमची ही सवय, गिऱ्हाईक काही म्हणालं की ती मागणी धरायची आणि कामाला लागायचं. ती परत यायच्या आत खोली उभी. उत्तरेचा उजेड, सगळ्यात चांगली खिडकी तिला दिली मी, माझी काढून. नवं टेबल, एकटीचं, ऐसपैस. दाराला पितळी कडी. भिंतीत आवाज अडवायला कापूस भरला, सुताराला दोनदा उकलायला लावलं नीट बसला नाही म्हणून. ती आली, उंबऱ्यात उभी राहिली, सगळीकडं नजर फिरवली आणि म्हणाली — 'छान आहे.'

तुम्हाला नाही कळणार. 'छान आहे' हे ती फक्त न आवडलेल्या गोष्टीला म्हणते. आवडलेल्या गोष्टीत ती दहा चुका काढते. गिऱ्हाइकानं बाथरूमला सोनेरी नळ निवडले की 'छान आहे'. आणि मग आत गेली, दार लावलं, आणि तेव्हापासून ते दार हे असं. भांडली असती तर बरं झालं असतं हो. मी म्हटलं असतं काही, तिनं म्हटलं असतं काही. ती मला मेल करते. भिंतीच्या पलीकडून. 'सोबत नकाशा जोडला आहे, कृपया पाहावा.' कृपया! ताई म्हणायची मला, आता कृपया म्हणते. आणि नकाशे सगळे सुलटे, ताठ अक्षरांत. घरी? घरी बोलतो की. एकाच घरात राहतो, वरखाली, न बोलून सांगता कोणाला — दूध उतू गेलं, गिरणीवाला आला, एवढं चालू असतं. आमच्या नवऱ्यांना पत्ताच नाही. ते दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी वर्षातून दोनदा बोलतात आणि परम सुखात आहेत, त्यांना वाटतं आम्ही आता कुठं वळणावर आलो.

हसू नका. बरं, हसा. त्यांच्याकडूनच तर कळलं मला. ती दिरांना म्हणाली, दीर माझ्या नवऱ्याला म्हणाले, आणि माझ्या नवऱ्यानं जेवताना, मीठ मागावं तसं सांगितलं, की धाकटी एक तारखेपासून दुसरीकडं जातेय. मोठी फर्म आहे. तुमच्या मेव्हण्याचं ऑफिस त्यांनीच केलंय, हो, झोपाळ्यासकट. तिथं तिला हॉलमध्ये बसवणार, पन्नास माणसांत. हिला. जिला माझं एकटीचं बोलणं सोसत नाही. एकदा वाटलं दारावर थाप मारावी आणि विचारावं, की अगं, काय चुकलं माझं? तूच म्हणालीस ना खोली हवी? म्हणाली होती का नाही? — तुम्हीच सांगा. म्हणाली होती. 'आपल्याला' म्हणाली होती, हेही खरंच. आपल्याला. तिला एकटीला नाही. आम्हाला दोघींना दार लावून बसायचं होतं, गिऱ्हाइकं बाहेर ठेवून. आणि मी तिला आत ठेवलं आणि गिऱ्हाइकांत बसले. हे मला — हे आत्ता तुमच्याशी बोलताना आलं बघा ध्यानात. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

असो. तुमचं बघू या. तुमचा खरा घोळ भिंतींचा नाहीच, तुमचा घोळ तुम्ही आहात. राग मानू नका. या तुमच्या कागदावरच्या मोकळ्या हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र बसवलंत, शिपायालासुद्धा टेबल दिलंत, पण साहेबांची काचेची केबिन तशीच, उलट हातभर वाढलीय. सगळे एकत्र आणि साहेब एकटे. का हो? — तुम्ही बाहेर आलात की सगळे गप्प होतात. हां. हे खरं बोललात, एवढ्या वेळात पहिल्यांदा. म्हणजे तुम्हाला एकटं पडायचं नाहीये आणि त्यांच्यात जाऊन बसायची भीतीही वाटते. मग बसवायचं कुठं तुम्हाला? मला नाही सुचत. प्रामाणिकपणे सांगते, बोलण्याची बाजू माझी, ही अशी गाठ सोडवायची ती तिची. त्या केबिनमध्ये गुपित काही राहतं असं समजत असाल तर तेही नाही बरं का. तुमची काच वर खोट्या छतापर्यंत जाते आणि थांबते, त्याच्या वर मोकळं. सगळा आवाज वरून उडी मारून पलीकडं. बायकोला फोनवर 'चुकलं, परत नाही होणार' म्हणता ना रोज — दुरुस्तीवाल्यांना ती वेळ पाठ झालीय. पण त्यांना तुम्ही त्यामुळंच थोडे आवडता, तेव्हा राहू द्या.

आमची? आमची ही भिंत पक्की आहे. कापूस भरलाय म्हटलं ना. वरही — नाही, वर नाही नेली. आता विचारलंतच म्हणून सांगते. सुतार न्यायला निघाला होता पार स्लॅबपर्यंत, मीच म्हटलं, राहू दे वीतभर फट. तो म्हणाला, बाई, मग कापसाचा उपयोग काय? त्याचं खरं होतं. पण मला — तिची पेन्सिल ऐकू यायला हवी होती. ती तोंडानं बोलत नाही, पेन्सिलनं बोलते. रेघ मनासारखी आली की भराभर चालते, नाही आली की टोक आपटते टेबलावर, टक टक. मला ते ऐकल्याशिवाय काम सुचत नाही. मला तिच्याशिवाय कामच करता येत नाही, आता आणखी कसं सांगू. आत्तासुद्धा, तुम्ही आल्यापासून एका कानानं तेच ऐकतेय. तुम्हाला नाही येणार ऐकू, सवय लागते. आत्ता बोलत होतो तेव्हा चालू होती, भराभर. आता थांबलीय.

थांबलीय म्हणजे — थांबा जरा. फट आहे म्हणजे आवाज काही एकाच बाजूनं जात नाही. मला तिची पेन्सिल ऐकू येते तर तिला — अगं बाई. आणि मी जोरात बोलते. किती वेळ झाला आपल्याला बोलायला लागून? सुरुवातीपासून? ते 'छान आहे' वगैरे? भिंतीला कान असतात म्हणे. ही तर मीच बांधलेली, कान ठेवून. तुम्हाला काय हसायला येतंय. तिला वाटेल मी मुद्दाम तुम्हाला समोर बसवून लेकी बोले सुने लागे चालवलंय. तुम्ही साक्षीदार आहात, तुम्हीच विचारलंत —

तुमच्या पायाशी काय आलंय ते? दाराखालून. कागद. उचला ना जरा, माझी कंबर वाकत नाही. द्या इकडं. — बोळ आहे. तुमचा बोळ, कट्ट्यासकट, पाडलेला नाही. आणि ही तुमची केबिन, तिला काच नाही, भिंत दिलीय, आणि आत सहा खुर्च्या, लिहिलंय 'भांडणाची खोली'. म्हणजे ऐकलं तिनं सगळं. आणि हे तुम्ही. बघा, सापडली तुमची जागा — बोळाच्या अलीकडच्या वळणावर, पाठीला भिंत, समोर टेबल एक हात रुंद, आणि पलीकडं एक रिकामी खुर्ची. कट्ट्यावरचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही, पण जाता-येता प्रत्येकाला तुमच्यावरून जावं लागेल. कोणीतरी टेकेलच कधीतरी त्या खुर्चीवर. आहे की नाही? मला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

आणि खाली हे काय लिहिलंय — 'टीप: वरची फट बुजवू नये.' नाही, ही तुमच्या ऑफिसची टीप नाही. द्या, द्या तो कागद, दोन्ही हातांनी नका धरू. अक्षर बघितलंत? मागं रेललंय. सगळं रेललंय, मापंसुद्धा. आत एकटी बसून, समोर कोणी नसताना, उलटं काढलंय तिनं.

तुम्ही उठा बघू. नाही, नकाशा उद्या न्या, नाहीतर परवा या, ती त्यात अजून दहा चुका काढेल. आत्ता उठा, ती खुर्ची मोकळी करा. आणि जाताना दार हळू लावा, काही बोलू नका, मीही आता गप्प बसते. कडी वाजली —